रानटर्की, शिकारीचा हंगाम आणि जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आमच्या घरामागे शेजाऱ्यांचं गवताचं मोठं रान आहे. त्याला लागून पाइनची लागवड आणि खाली ओढा. गेली काही वर्षं मी तिथल्या रानटर्कींची नोंद ठेवतेय. महाराष्ट्र मंडळातले स्नेही आणि उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून येणारी पाहुणेमंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

रानटर्की म्हणजे थँक्सगिव्हिंगला ताटात येते तीच का?

जात एकच, पण पक्षी वेगळा म्हणावा इतका फरक. रानातला नर साधारण आठ ते अकरा किलोंचा, मादी त्याच्या निम्मी. दोघंही उत्तम उडतात आणि रात्र झाडावर काढतात. पाळीव टर्की मांसासाठी इतकी जड करून ठेवली आहे की तिला उडणंच जमत नाही. रानटर्कीच्या सहा उपजाती आहेत: पूर्वेकडची ईस्टर्न, फ्लोरिडातली ऑसिओला, टेक्सास-ओक्लाहोमाकडची रिओ ग्रांडे, पश्चिमेच्या डोंगरातली मेरियम्स, ॲरिझोना-मेक्सिकोतली गोल्ड्स आणि दक्षिण मेक्सिकोतली आणखी एक. या पानावर मुख्यतः पूर्वेकडच्या टर्कीबद्दल लिहिलं आहे, कारण मी तिलाच जवळून बघते.

शिकार करून पक्षी वाढतो, हे पटत नाही. असं कसं होईल?

हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार जवळजवळ बंद झाली आणि त्याच विचारात आपण वाढलो. मलाही हे पचायला वेळ लागला.

आधी घडलं ते बघा. एकोणिसाव्या शतकात इथे शिकारीला ना हंगाम होता ना मर्यादा. टर्की बाजारात विकली जायची, झाडावर झोपलेले थवेच्या थवे मारले जायचे, आणि त्याच काळात पूर्वेकडची जंगलं शेतीसाठी साफ होत होती. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची टर्की १८५१ मध्ये माउंट टॉमवर मारली गेली. १९३० च्या दशकात अख्ख्या देशात दोन लाखही पक्षी उरले नव्हते. म्हणजे बेबंद शिकारीनं पक्षी संपतो, यात वादच नाही.

पुढे तीन गोष्टी जुळून आल्या. मंदीच्या काळात हजारो कुटुंबांनी शेती सोडली आणि त्या पडीक जमिनींवर झुडपं, मग झाडं उभी राहिली. राज्यांनी शिकार बंद केली किंवा काटेकोर हंगामात बांधली. आणि १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला: बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जाऊ लागला. शिकारीच्या परवान्यांचा पैसाही तिथेच. पक्षी पकडणं, नव्या जागी सोडणं, जमीन विकत घेणं, माणसं नेमणं, हे सगळं मुख्यतः या पैशावर झालं. २००० नंतरच्या काही वर्षांत देशातल्या रानटर्की सत्तर लाखांच्या जवळ पोचल्या होत्या.

तेव्हा शिकारीनं पक्षी वाढला असं मी म्हणणार नाही. बांधून घातलेल्या शिकारीनं पैसा आणि माणसं उभी केली, आणि पक्षी वाढला जमिनीमुळे. हा फरक लक्षात ठेवला तर पुढची उत्तरं सोपी जातील.

पाळीव पक्षी रानात सोडले असते तर लवकर वाढले नसते का?

तेच केलं होतं. मिझुरीसारख्या राज्यांनी फार्मवर वाढवलेले हजारो पक्षी सोडले आणि ते जवळजवळ सगळे गेले. आईविना वाढलेल्या पिल्लाला शिकारी पक्ष्याची सावली म्हणजे काय, हे कोण शिकवणार?

तोडगा निघाला तो तोफजाळ्यानं. जमिनीवर धान्य टाकायचं, बाजूला जाळं घडी घालून ठेवायचं, आणि पक्षी खाण्यात गुंगले की छोट्या तोफांनी ते जाळं त्यांच्यावरून उडवायचं. मुळात हे बदकांसाठी होतं. १९५१ मध्ये साउथ कॅरोलिनात त्यानं रानटर्की पकडल्या गेल्या. मग एका राज्यातले पक्षी दुसऱ्या राज्यात जाऊ लागले. मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर डोंगरात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून आणलेले फक्त ३७ पक्षी सोडले. आज त्या राज्यात तीस हजारांवर आहेत, आणि बॉस्टनच्या उपनगरांत त्या रस्ता अडवून उभ्या असतात.

मिझुरीत १९५२ मध्ये अडीच हजारांहून कमी पक्षी उरले होते. १९६० मध्ये तिथे तीन दिवसांचा पहिला नवा हंगाम झाला: १४ काउंट्या (म्हणजे जिल्हे), मारलेले पक्षी ९४. २००४ च्या वसंतात त्याच राज्यात साठ हजारांहून अधिक नर मारले गेले.

हंगाम वसंत ऋतूतच का? तो तर विणीचा काळ.

म्हणूनच फक्त नर. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि मग घरट्याकडे फिरकतही नाही. अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं, सगळं मादीचं. शिवाय एकदा जुगल्यावर मादी नराचं बीज अनेक आठवडे शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे पहिलं घरटं मोडलं तर नर नसतानाही ती पुन्हा फलित अंडी घालू शकते. माद्या बसल्यावर काही नर कमी झाले, तर पिल्लांच्या संख्येत फरक पडू नये, हे त्यामागचं गणित.

नर ओळखायचा तो छातीवर लोंबणाऱ्या केसाळ झुपक्यावरून, त्याला इथे दाढी म्हणतात. काही माद्यांनाही ती असते, आणि बऱ्याच राज्यांत नियम 'दाढी असलेला पक्षी' असा आहे. माझ्या मते हा नियमच बदलायला हवा. दाढीची असली तरी ती अंडी घालणारी मादी आहे.

मग आता राज्यं हंगाम उशिरा का सुरू करताहेत?

कारण संख्या घटतेय. दक्षिणेत आणि मध्य-पश्चिमेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत उतार लागला आहे. जॉर्जिया विद्यापीठातले मायकेल चेंबरलेन आणि इतर अभ्यासकांनी मांडलेली शंका अशी: हंगाम फार लवकर उघडतो, तेव्हा बहुतेक माद्या अजून घरट्यावर बसलेल्या नसतात. पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक शिकार होते आणि त्यात जातात ते सर्वात जोरात साद घालणारे, वरचढ नर. त्यांची उतरंड मोडली की जुगणं लांबतं, घरटी उशिरा होतात.

शंका सयुक्तिक होती आणि राज्यांनी पावलं उचलली. जॉर्जियानं २०२२ पासून हंगाम पुढे ढकलला, सरकारी जमिनीवर आणखी एक आठवडा उशीर ठेवला आणि एका शिकाऱ्याला तीनऐवजी दोन पक्षी अशी मर्यादा घातली. अलाबामानं त्याच वर्षी पाचाचे चार केले आणि पहिले दहा दिवस नकली पक्षी मांडून शिकार करायला बंदी घातली. टेनेसीनं चारावरून दोनावर येत २०२३ मध्ये हंगाम राज्यभर एप्रिलच्या मध्यावर नेला.

पण टेनेसीत आणखी एक काम झालं आणि ते मला फार मोलाचं वाटतं. दक्षिणेकडच्या पाच काउंट्यांत २०१७ ते २०२२ अशी सहा वर्षं माद्यांना ट्रान्समीटर बांधून अभ्यास केला. त्यातल्या काही काउंट्यांत २०२१ पासून हंगाम दोन आठवडे उशिरा उघडला, बाकीच्यांत नाही. घरटी किती झाली, किती फुटली, किती पिल्लं जगली, हे सगळं मोजलं. उशिरानं त्यात काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

याचा अर्थ उशीर निरुपयोगी असा मी काढत नाही. मर्यादा आणि उशीर यांमुळे दुसऱ्या वर्षासाठी जास्त नर उरतात आणि माद्या चुकून मारल्या जाण्याचा धोकाही कमी होतो, कारण त्या घरट्यावर असतात. पण तारीख बदलली की पिल्लं वाढतील, अशी आशा बाळगून बसू नका. पिल्लांचं उत्तर दुसरीकडे आहे.

पानगळीच्या हंगामाचं काय?

काही राज्यांत ऑक्टोबरच्या सुमारास दुसरा हंगाम असतो आणि त्यात अनेक ठिकाणी मादीही चालते. इथे मात्र मी अगदी ठाम आहे: संख्या उतरत असेल तिथे हा हंगाम बंदच हवा. नर गेला तर एक पक्षी गेला. मादी गेली तर पुढच्या उन्हाळ्याची पिल्लावळही गेली. कॅन्ससनं २०२३ मध्ये तो थांबवला. लांब चालणाऱ्या आणि मादी मारू देणाऱ्या पानगळीच्या हंगामांनी वाढ खुंटते, हे व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या अभ्यासांत बऱ्याच आधी दिसलं होतं.

जमिनीचा एवढा काय संबंध? जंगल तर भरपूर दिसतं.

जंगल दिसतं ते गाडीतून. एकदा गुडघे टेकून, हनुवटी गवताला लावून बघा.

मी हे पहिल्यांदा केलं ते जूनच्या एका सकाळी. शेजाऱ्यांच्या रानात फेस्क्यू नावाचं गवत आहे. गुरांसाठी १९४० च्या दशकापासून या भागात ते सर्रास पेरलं गेलं. वरून हिरवंगार, डोळ्यांना सुख. पण खाली वाकून पाहिलं तर बुंध्याशी बोटही शिरत नव्हतं. ओल्या दाट गादीसारखं. दोन मिनिटांत माझे कोपर दवानं भिजले. पन्नासेक ग्रॅमचं पिल्लू त्यात दहा पावलंही चालू शकणार नाही, आणि चाललं तर भिजून गारठेल. मग ओढ्यापलीकडे गेले. तिथे मागच्या वर्षी जाळून घेतलेला तुकडा आहे. वर रानतुरी, डेझी, काटेरी ब्लॅकबेरी यांचं छत आणि खाली उघडी माती. हनुवटीच्या पातळीवरून पलीकडचं वीस फुटांवरचं दिसत होतं, जणू छोट्या खांबांचा मंडप. आणि टोळ, भुंगे, कोळी, जिकडे बघावं तिकडे हालचाल. पिल्लाला पहिले काही आठवडे हेच लागतं: वरून झाकलेलं, खालून मोकळं, आणि तोंडासमोर किडा.

मादी जमिनीवर घरटं करते. दहा-बारा अंडी, रोज एक अशा हिशेबानं जवळजवळ दोन आठवडे घालण्यात जातात, मग २८ दिवस उबवणं. म्हणजे चाळीसेक दिवस ती अंडी जमिनीवर उघडी. दक्षिणेत चार-पाच घरट्यांतलं जेमतेम एक यशस्वी होतं. बाहेर आलेली पिल्लं दहा ते चौदा दिवस उडू शकत नाहीत. रात्री आईच्या पंखाखाली जमिनीवरच. त्यांतली अर्ध्याहून अधिक पहिल्या चार आठवड्यांत जातात. टर्कीचं भवितव्य ठरतं ते या दोन महिन्यांत, आणि त्यातला बराच काळ हंगाम संपल्यानंतरचा असतो.

दक्षिणेतली बरीचशी जमीन पाइनच्या लागवडीखाली आहे. ओळीत लावलेली झाडं पंधरा वर्षांची झाली की वर छत मिटतं, खाली ऊन पोचत नाही, सुयांचा थर सोडून काही उगवत नाही. त्याआधी इथे व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत लाँगलीफ पाइनचं विरळ, गवताळ रान होतं, सुमारे नऊ कोटी एकर. ते तीस लाखांच्या आसपास येऊन ठेपलं होतं. आता ते पुन्हा लावायचे प्रयत्न चालू आहेत. लागवड वेळेवर विरळ केली, ऊन खाली येऊ दिलं आणि दोन-तीन वर्षांआड जाळलं, तर साधं पाइनचं रानही टर्कीला चालतं.

जाळायचं? त्यात घरटी जळत नाहीत का?

वणवा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, आणि सह्याद्रीत लागणाऱ्या वणव्यांबद्दल तो यायलाच हवा. इथलं जाळणं वेगळं. वारा, ओल, दिवस बघून, परवानगी काढून, चारी बाजूंनी जाळरेषा काढून, माणसं उभी करून केलेलं. कोकणात भातापूर्वी राब भाजतात त्या जातीचं काम, फक्त रान मोठं.

बहुतेक जाळणं हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला उरकतं. एप्रिलनंतर जाळलं तर काही घरटी जातात, हे खरं आहे. पण भीती वाटते तितकी नाही: मादी घरट्यासाठी थोडं दाटलेलं, दोन-एक वर्षं न जळलेलं झुडूप निवडते, आणि लवकर मोडलेल्या घरट्यानंतर पुन्हा बसते. उलट जळलेल्या जागी काही आठवड्यांत कोवळा फुटवा आणि किडे येतात, मग पिल्लावळ तिथेच दिसते. खरी चूक म्हणजे एकदम प्रचंड पट्टा पेटवणं. माद्या मोठ्या जळक्या पट्ट्याच्या आत खोल जात नाहीत. वीस-पंचवीस एकरांचे तुकडे पाडून आलटून पालटून जाळावेत, म्हणजे घरट्याचं दाट झुडूप आणि पिल्लांचं मोकळं रान शेजारी शेजारी राहतं.

गवत कधी कापावं?

जुलैच्या मध्यानंतर. शक्य नसेल तर निदान कडेचे पट्टे आणि ओढ्याकाठ सोडा, आणि आतून बाहेर कापत या, म्हणजे पिल्लांना पळायला वाट राहते.

मे महिन्यात एकदा मी कापणीनंतरच्या रानात गेले होते. चाकांच्या दोन खुणांच्या मध्ये तपकिरी ठिपक्यांची अंडी, सात फुटलेली, तीन शाबूत आणि गार. मादीचे पंख थोडे पुढे पडले होते. घरट्यावरची मादी यंत्र आलं तरी हलत नाही, हीच तिची सवय तिला मारते. रानाच्या मालकांना सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं; त्यांना हे माहीतच नव्हतं. तेव्हापासून ओढ्याकडचा पट्टा ते जुलैअखेर कापतात.

मक्याचे ढीग टाकले तर पक्षी वाढतील ना?

नाही. पक्षी गोळा होतील, वाढणार नाहीत. ढिगाशी रॅकून (रात्री फिरणारा एक छोटा सस्तन प्राणी) हेही जमतात आणि तेच घरटी फोडतात. भिजलेल्या मक्यावर बुरशी येऊन विष तयार होतं, रोग पसरतो. बहुतेक राज्यांत आमिषावर टर्की मारणं बेकायदा आहे, ते वेगळंच. क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचा एखादा तुकडा पेरला तर किडे मिळतात, पण तो शेताच्या कडेचा दागिना, पोट भरायची सोय नाही.

रॅकून, कोयोटी मारून टाकले तर?

रॅकून, ऑपॉसम, स्कंक, साप, कावळे हे घरटी फोडतात, आणि बॉबकॅट, कोयोटी, शिंगी घुबड माद्यांना मारतात. फर विकणं परवडेनासं झाल्यापासून सापळे लावणारे कमी झाले आणि रॅकून वाढले, हेही खरं. अगदी विणीच्या तोंडावर, छोट्या जागेत, दरवर्षी नेमानं सापळे लावले तर थोडा उपयोग होतो. थांबलात की वर्षभरात पहिल्यासारखं. लोकांचा सगळा राग शिकारी प्राण्यांवर निघतो, कारण ते डोळ्यांना दिसतात. विरळ न केलेली लागवड कुणाला गुन्हेगार वाटत नाही. दाट झुडपात लपलेलं घरटं रॅकूनलाही सहज सापडत नाही.

पश्चिमेकडेही हेच लागू होतं का?

तत्त्व तेच, अडचण वेगळी. ओक्लाहोमा-कॅन्ससच्या माळावर रातथाऱ्याची झाडंच मोजकी, नदीकाठचे उंच कॉटनवुड. रिओ ग्रांडे टर्कींचे मोठे थवे हिवाळ्यात वर्षानुवर्षं त्याच झाडांवर येतात. ती तोडली की थवा जागा सोडतो. शिवाय आग बंद झाल्यामुळे लाल सीडर हे झाड माळावर पसरत चाललं आहे.

बहुतेक जमीन खाजगी असेल तर सरकार काय करणार?

मिझुरीत नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, जॉर्जियातही तसंच. म्हणून शेतकऱ्याला पैसे देऊन जमीन राखायला लावणाऱ्या योजना महत्त्वाच्या. १९८५ पासून कृषी खातं दहा-पंधरा वर्षांच्या करारावर जमीन पडीक गवताखाली ठेवायचे पैसे देतं. पण नुसतं पडीक ठेवून भागत नाही. पाच-सहा वर्षांत ते गवत दाटून फेस्क्यूसारखंच होतं, म्हणून मध्येच जाळणं किंवा नांगराची चक्रं फिरवणं हवं. तुमची जमीन असेल तर राज्याच्या वन्यजीव खात्यातले जीवशास्त्रज्ञ येऊन बघून सल्ला देतात. जरूर बोलवा.

भारतातही असे हंगाम सुरू करावेत का?

नाही. इथे मोजणी, परवाने, तपासणी यांची घडी बसायला अनेक दशकं लागली, आणि टर्की एका वेळी दहा-बारा अंडी घालते. आपला माळढोक बहुधा एकच घालतो. त्याच्याकडे गमवायला काही नाही. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला माळाचं गवत कसं राखलेलं हवं, हा प्रश्न सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यालाही तितकाच लागू आहे.

मी शिकारी नाही, जमीनही नाही. माझा काही उपयोग?

आहे. उन्हाळ्यात अनेक राज्यांची खाती सामान्य लोकांकडून माद्या आणि पिल्लांच्या नोंदी घेतात. त्यातून दर मादीमागे पिल्लं किती, हा आकडा निघतो. दोनच्या आसपास असेल तर संख्या टिकते असा ढोबळ अंदाज, त्याखाली सतत राहिला तर उतार. शिकारीच्या मर्यादा ठरवताना हा आकडा समोर असतो. थवा दिसला की गाडी बाजूला घ्या आणि शेवटचं पिल्लू गवतातून बाहेर येईपर्यंत थांबा, कारण मागे राहिलेली दोन-तीन हमखास असतात. बहुतेक जण फक्त पिल्लांचे गोंडस थवेच कळवतात आणि मग आकडा फुगतो. पिल्लांविना एकटी चरणारी मादी दिसली, तर तीही लिहा: दिवस, जागा, मादी एक, पिल्लं शून्य.